पाचवा चौकोन

मोबाइलवर रंगीत चौकोन क्षणभर दिसतात, नाहीसे होतात, परत येतात. त्यातल्या कुठल्याचा रंग बदलला ते ओळखायचं. नजरेची स्मरणशक्ती तपासणारा खेळ म्हणे. चार चौकोनांपर्यंत मी जिंकतो, पाचवा आला की हरतो. एकदाच म्हणून बसलो आणि सकाळ गेली. डोळे मिटले तरी आत तेच चौकोन, सुटका म्हणून नाही.

बायकोला कौतुकानं गुण दाखवले. ती म्हणाली, "मग सांगा, आज दारातल्या रांगोळीत रंग कुठला?"

दूध आणताना रांगोळी ओलांडल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. "जांभळा," मी म्हणालो.

"गुडघे धरलेत माझे. आठ दिवस झाले, रांगोळी काढलीच नाही."

दार चार पावलांवर होतं. उठून बघायला हवं होतं. पण बोटानं केव्हाच 'पुन्हा खेळा' दाबलं होतं.