पंधरा किलोमीटरचं गाऱ्हाणं

अर्धवट सोडण्यात माझा हात कोणी धरणार नाही. शिवणाचा क्लास बाह्या लावायच्या आधी सुटला, पेटी सारेगमवर थांबली, परसात मिरीवेलासाठी खणलेल्या खड्ड्यात आता कुत्रा झोपतो. आमच्या सासूबाईंना ही यादी तोंडपाठ आहे. पाहुणे आले की चहाबरोबर वाढतात.

म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरायचं म्हटलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ह्येका तरी बाह्यो लावतलंस मां?"

आमचे प्रशिक्षक कणकवलीचे, फोनवरूनच शिकवतात. म्हणाले, "बाई, पाय कुरकुरत नाहीत, डोकं कुरकुरतं. एका रविवारी पंधरा किलोमीटर न थांबता धावून दाखवा, नाहीतर नाव देऊ नका." मी मनाशी ठरवलं, हेही जमलं नाही तर बूट शेजारणीला देऊन टाकायचे आणि सासूबाईंचं म्हणणं कायमचं कबूल करायचं. नुसत्या विचारानेच रडू यायचं मला.

घरापासून वालावलच्या तळ्यापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, हा रस्ता. त्रास चढांचा नव्हता, माणुसकीचा होता. आमच्याकडे ओळखीची बाई पायी दिसली आणि गाडी थांबवली नाही, तर त्या माणसाच्या घराण्याची अब्रू जाते. त्यात बाई धावताना दिसली म्हणजे कोणीतरी गचकलं असंच धरतात. "बाईंनू, बसा, सोडतंय." नको म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मग उभं राहून कारण सांगा, त्याच्या आईची तब्येत विचारा. आणि आतून मन म्हणत असतं, बस मेल्ये, माणूस एवढा म्हणता तर.

त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी काळजीपोटी देवळात नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गाऱ्हाणं घालणारे काका बोलायला लागले की वाहवत जातात. "बा देवा म्हाराजा, ही आमची सून उद्या धावतली. तिच्या पायाक काटो लागूक देऊ नको. आणि दमली तर वाटेत कोणाक तरी गाडी घेवन उभो कर रे म्हाराजा." जमलेल्या वीसेक जणांनी खणखणीत "व्हय म्हाराजा" म्हटलं. आता देवासमोर हो म्हटलंय म्हणजे ते निभवायला नको?

रविवारी तळ्यावरून परत फिरले तोवर सगळं ठीक होतं. मग गावातून माणसं मुद्दाम गाड्या काढून मला शोधत यायला लागली. आधी स्कूटर, मग आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, मग ते गाऱ्हाणंवाले काका स्वतः, नातवाच्या मोटरसायकलवर. काकांनी तर नातवाला खाली उतरवून माझ्यासाठी सीट पुसली. मी धावता धावताच "नको, नको" करत राहिले. खरं सांगते, त्या संतापानेच माझे तीन किलोमीटर गेले.

बाराव्या किलोमीटरला रिक्षा आली आणि वळून माझ्यासोबत चालू लागली. आत सासूबाई. "बस गो, तोंड बघ कसा झालाहा."

माझा बांध फुटला. रिक्षाच्या बाजूने रडत, धावतच म्हटलं, "आई, आज मी बसलंय तर तुमी म्हणतास तांच खरा होतला. एक तरी गोष्ट माका पुरी करूक द्या." रिक्षावाला बिचारा समोर बघत राहिला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "चल, हाण रे." आणि गेल्या. रुसल्या असणार, मला वाटलं.

त्यानंतर रस्ता ओस पडला. समोरून एक गाडी येईना. नको म्हणायला कोणी उरलं नाही तसा राग संपला आणि मनाने मला एकटीला गाठलं. माझं मन एरवी मालवणीत बोलतं, पण काम टाळायचं असलं की तालुक्याच्या कचेरीसारखं शुद्ध बोलायला लागतं. 'आपण तूर्तास थांबावे. उर्वरित अंतर पुढील रविवारी पूर्ण करता येईल.' मी म्हटलं, गप रव. ते म्हणालं, 'आपल्या प्रकृतीच्या दृष्टीने सांगत आहोत.' असा आमचा पत्रव्यवहार दोन किलोमीटर चालला. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, पण थांबले नाही.

वळण घेतलं तर पुढे गावचा तिठा, आणि तिठ्यावर सासूबाई. गुडघ्यांमुळे आरतीलासुद्धा खुर्चीवर बसणारी बाई भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभी होती, बंद छत्री आडवी धरून. त्यांच्या मागे दोन स्कूटर, एक जीप आणि काकांची मोटरसायकल रांगेत. पुन्हा मलाच आणायला निघालेली मंडळी. "बाईंनू, आमका सोडणा नाय ही," काकांनी तिथूनच तक्रार केली. "देवाक काय सांगू?"

"माझा नाव सांग," सासूबाई म्हणाल्या.

घड्याळात चौदा किलोमीटर सहाशे मीटर दिसत होते. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पाय आपोआप मंदावले.

त्यांनी छत्री बाजूला घेतली. "थांबू नको गो," त्या म्हणाल्या, "घर अजून फुडे आसा."