रेघ खाली आली की घरी

चार्टच्या धंद्यातले किस्से घरामागच्या पऱ्हाटीसारखे, कापसाच्या वाळक्या काड्यांसारखे, साचत जातात. फेकवत नाहीत, ठेवून उपयोग नाही, आणि चारचौघांत काढले की आपलीच लाज निघते. पण तुम्ही दर वेळी विचारता, की बाबा, तू अमरावतीत बसून नेमकं करतोस तरी काय, तर ऐका आता.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कूलर, मी आणि तबस्सुम. दोघंही प्रोग्रामर, दोघंही कंटाळलेले. अकोल्याला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे क्लास चालवणारे एक गावंडे सर आहेत, त्यांचं काम आमच्याकडे. प्रत्येक पोराच्या चाचणीतल्या मार्कांचा ग्राफ काढायचा आणि दर महिन्याला त्याचं चित्र आईबापांच्या मोबाइलवर धाडायचं. प्रोग्रामिंगच्या जावा भाषेत यासाठी एक लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, मिळते. मार्क दिले की ती मुकाट रेघ ओढून देते. रेघ काढणं सोपं हो, तिला नटवण्यात आमचं आयुष्य चाललंय.

त्यात माझा जीव अडकलेला. ताईची पोरगी समीक्षा त्याच क्लासला. भाऊजी पातूरला जीप चालवतात. पोरीला अकोल्याच्या होस्टेलवर ठेवलं त्या दिवशीच त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "रेघ खाली आली की घरी." घरी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाळापूरचा एक मुलगा पाहून ठेवलेला होता. म्हणजे भाचीनं शिकायचं की नाही हे ठरवणारी रेघ काढायची कोणी, तर मामानं!

* * *

पहिल्याच महिन्यात मराठी नावांनी दगा दिला. आमच्या कॉम्प्युटरवर पोरांची नावं झकास दिसत होती. सरांच्या सर्व्हरवर मराठीचा फॉन्टच नव्हता, त्यामुळे ग्राफच्या डोक्यावर नावाच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटले. तेच शेकडो आईबापांना गेले.

मी घाबरून सरांना फोन लावला, माफी मागितली, दुरुस्त करून पुन्हा पाठवतो म्हणालो. सर अगदी शांत होते. पालकांचे फोन येऊन गेले होते आणि सरांनी त्यांना उत्तरही देऊन टाकलं होतं, की ते उत्तरपत्रिकेतले चौकोन आहेत, पोरानं गोळे भरायची सवय लागावी म्हणून मुद्दाम टाकले आहेत.

"राहू द्या ते चौकोन," सर मला म्हणाले. "लोकायले आवडले."

* * *

मग रंग. लाल नको, लाल पाहून आईबापांच्या पोटात गोळा येतो, हे सरांचं म्हणणं मला पटलं. मी फिजिक्सला भगवा दिला, केमिस्ट्रीला निळा आणि बायोलॉजीला हिरवा. तीन रंग, तीन रेघा. यात काही वावगं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. माणूस ऑफिसात बसून बसून मठ्ठ होतो, दुसरं काय.

आठवड्याभरात सरांचा आवाज बदलला. बायोलॉजी बहुतेक पोरांची बरी असते, केमिस्ट्री बहुतेकांची रडते. एका पालकानं विचारलं, की हिरवी रेघ कायम वर कशी? दुसऱ्यानं विचारलं, निळी दर वेळी तळालाच कावून? खरं सांगतो, तो प्रश्न ऐकल्यावर मलाही ती तळातली निळी रेघ टोचायला लागली. मी पिवळा सुचवला, जांभळा सुचवला. सरांना प्रत्येक रंगात कोणीतरी रागावलेला दिसायला लागला.

शेवटी तबस्सुम खुर्ची फिरवून म्हणाली, "सगळ्यायले करडा दे ना. करड्यावर कोणाचाच क्लेम नाई."

तिन्ही रेघा करड्या केल्या. कोणती रेघ कोणत्या विषयाची हे आता देवालाही कळलं नसतं. त्या महिन्यात तक्रार एकही आली नाही!

* * *

ओळखूच न येणाऱ्या तीन रेघा ठेवून उपयोग नव्हता, म्हणून त्या गेल्या आणि एकूण मार्कांची एकच रेघ राहिली. तेव्हा सरांना ग्राफ मोकळा मोकळा वाटायला लागला. त्यांनी स्वतःचा फोटो पाठवला, हाताची घडी, दणदणीत मिशी, आणि हा ग्राफच्या मागं टाका म्हणाले. लायब्ररीत तीही सोय आहे. असल्या सोयी कोण करून ठेवतं कुणास ठाऊक.

झालं, पोरांच्या रेघा सरांच्या तोंडावरून धावायला लागल्या. आईबापांनी आकडे वाचणं सोडून दिलं. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, जीपच्या टपावर एकच विचारणा, तुमच्या पोराचं टोक कुठं पोचलं? कोणी म्हणे हनुवटी, कोणी म्हणे नाक. ताईचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "आपल्या समीक्षाची मिशीले लागली रे!" मागून भाऊजींचा आवाज आला, की आता कपाळापर्यंत ने म्हणा तिले.

आता यातली गोम अशी. ती लायब्ररी प्रत्येक पोराचे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त मार्क पाहते आणि तेवढाच तुकडा ताणून पानभर करते. त्यामुळे एकाची मिशी म्हणजे दुसऱ्याची मिशी नव्हे. मी सरांना म्हणालो, सगळ्यांचा ग्राफ शून्यापासून सुरू करू, म्हणजे खरं दिसेल. सर म्हणाले, शून्यापासून केला तर रेघ सपाट दिसते, आणि सपाट रेघेसाठी कोण फी भरेल? ताईला मात्र मी यातलं काही बोललो नाही. तिची मिशी मी कशाला काढून घेऊ?

फोटो पुढं सरांनीच काढायला लावला. एका ढ पोराची रेघ बरोबर त्यांच्या गळ्यावरून गेली होती.

* * *

मग सरांना रेघेचे कोपरे खुपायला लागले. टोकदार रेघ डोळ्यात जाते, जरा गोलाई आणा म्हणाले. आम्ही गोलाई आणली. या गोलाईत एक खोट असते. रेघ वळताना जरा जास्तच वर उसळते, वेगात वळण घेतलेली गाडी बाहेर फेकली जाते तशी. एका हुशार पोराचे मार्क आधीच वरच्या टोकाला टेकलेले. त्याची रेघ वळली आणि सातशे वीसपैकी सातशे सव्वीसवर जाऊन आली!

घरच्यांनी पेढे वाटले. सर म्हणाले, पालक खूश आहेत, तुम्ही कशाला नाक खुपसता? दोन दिवसांनी त्या पोराचाच फोन आला. आमचा नंबर त्यानं कुठून मिळवला देव जाणे.

"काका, ते खाली आना ना," तो म्हणाला. "आता पुढच्या बारीले मी एवढे कुठून आनू?"

मी तबस्सुमकडे पाहिलं. तिनं मान खाली घालून गोलाई काढून टाकायला घेतली. सरांना विचारलंही नाही. तो एक महिना आम्ही जरा माणसासारखे वागलो, एवढंच.

* * *

आणि मग एका दुपारी भाऊजी ऑफिसच्या दारात उभे राहिले. जय भीम घातला, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. समीक्षाची रेघ पानाच्या माथ्यावरून थेट तळात गेलेली होती.

"मी धारणीकडं जीप चालोली हाय," ते म्हणाले. "सेमाडोहच्या घाटातई असा उतार नाई."

मी खिडकीतून खाली पाहिलं. लिंबाच्या सावलीत समीक्षा तिच्या पत्र्याच्या पेटीवर बसलेली होती. होस्टेल सोडूनच आणलं होतं तिला. पातूरला न्यायच्या आधी उलट्या दिशेला अमरावतीपर्यंत फक्त मला विचारायला आले होते, की ग्राफ तूच काढतोस, तर हे खरं आहे का तेवढं सांग.

मी मार्क काढून दाखवले. पाचशे अठ्ठेचाळीसचे पाचशे एकतीस झाले होते. सतरा मार्कांचा हा घाट! मी त्यांना समजावलं, की ही मशीन तेवढाच तुकडा ताणून दाखवते. मग त्यांच्यासमोर ग्राफ शून्यापासून सातशे वीसपर्यंत केला. रेघ वरच्या बाजूला जाऊन सरळ झाली, शेवटी किंचित वाकलेली.

भाऊजींनी मोबाइल स्क्रीनच्या शेजारी धरला. "म्हंजे पहिलं खोटं होतं का हे खोटं हाय?"

"दोन्ही खरे आहेत, भाऊजी."

माझं हे उत्तर मला स्वतःलाच पटलं नाही. ते उठायला लागले, बाळापूरवाल्यांना शब्द दिला आहे असं काहीतरी पुटपुटले. एवढी वर्षं लोकांना हवं तसं दाखवत आलेला माणूस मी, माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? तेवढ्यात ते पुन्हा बसले.

"याच्यात माही रेघ निंगते का रे?"

मी विचारलं, तुमची कशी काढू, मार्क काय टाकू?

"मी कुठी परीक्षा देली? सातवीत शाळा सुटली. शून्य टाक."

मी शून्य टाकलं. पानाच्या अगदी तळाशी, कडेला चिकटून एक आडवी रेघ उमटली. तबस्सुमनं काम थांबवलं होतं. भाऊजींनी स्क्रीनला बोट लावलं आणि खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत सावकाश नेलं. बराच लांबचा प्रवास होता तो.

"लय वर हाय रे पोरगी," ते म्हणाले.

मग खिडकीशी जाऊन त्यांनी खाली आवाज दिला, "समीक्षा, उठ व. अकोल्याची गाडी पाहू, तुले होस्टेलवर सोडतो." आणि माझ्याकडं वळून, आवाज खाली घेऊन म्हणाले, "माही रेघ पुसून टाक आता. तिले नोको दिसू देऊ."