सबनीसकाकांची गेमिंगची फाइल

सबनीसकाका एरवी मला "मृणाल, बस गं" म्हणायचे. पण टेबलावर फाइल उघडली की मी एकदम "मॅडम" व्हायचे. दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात छत्तीस वर्षं काढून ते नोएडातल्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये निवृत्त आयुष्य जगत होते. जगत होते म्हणजे फायली करत होते. गीझर बदलायचा, फाइल. तुळस कुठल्या गॅलरीत ठेवायची, फाइल. नोकरीत कधी न मिळालेली, फक्त मोठ्या साहेबांची हिरवी शाई त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःला बहाल केली होती. प्रत्येक टिपणाखाली काकूंची सही लागायची. काकू पोळ्या लाटता लाटता सही करायच्या, त्यामुळे काकांच्या बहुतेक फायलींना कणीक लागलेली असे.

एका मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं. फाइलीवर लिहिलं होतं : 'गेमिंग संगणक खरेदीबाबत.' मला हसू आवरेना.

"मॅडम, हसण्याची नोंद होईल," काका गंभीरपणे म्हणाले. "संगणक ठरलाय. प्रश्न विंडोजचा आहे. होम की प्रो? आपण कॉम्प्युटरच्या नोकरीतल्या, तांत्रिक सदस्य म्हणून आपलं मत?"

"काका, होम पुरेसं आहे. गेम दोन्हींवर सारखेच चालतात. प्रोमध्ये जास्तीचं जे असतं ते ऑफिसवाल्यांच्या कामाचं."

"पण ग्रेड वरची ना?"

"वरची आहे, पण..."

"जन्मभर वरच्या ग्रेडची वाट पाहिली. आता घरात खालची आणू?"

पहिल्या पानावर 'प्रयोजन' असा रकाना होता आणि त्यात 'घरगुती कामकाज' लिहिलं होतं. गेमिंगच्या मशीनवर कसलं घरगुती कामकाज, असं मी विचारताच काका चष्मा पुसायला लागले. खरं काय ते काकूंनी स्वयंपाकघरात सांगितलं. कॅनडातली त्यांची नऊ वर्षांची नात अन्वी फोनवर 'हाय आबा, बाय आबा' एवढंच बोलायची. तिचं मराठी अडायचं, आबांना तिचं इंग्रजी झेपायचं नाही. पण परवा ती म्हणाली होती, "आबा, माझ्या गेममध्ये ये ना. मी तुला घर बांधून देते."

"तेव्हापासून यांचा पाय जमिनीवर नाही," काकू म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी सहाला बोलावलंय तिनं. आणि इथे फाइल फिरतेय!"

काकांनी रीतसर तीन दुकानदारांची मतं घ्यायचं ठरवलं. मी सोबत गेले. पहिला म्हणाला, "अंकलजी, घर पे खेलना है ना? होम ले लो, बिल्कुल सेम चलेगा." दुसराही तेच म्हणाला, तिसराही तेच. परतीच्या मेट्रोत मी विचारलं, "आता तरी पटलं?"

"तिघांचं मत शब्दशः एक," काका कुजबुजले. "म्हणजे संगनमत. प्रोच घ्यायचं."

रविवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात काका, कडक इस्त्रीच्या सफारीत. नातीला भेटायचं म्हणजे नीटनेटकं नको का? पण चेहरा पार उतरलेला. "मॅडम, हे यंत्र मला ओळखत नाही."

मी त्यांच्यामागोमाग समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. झालं होतं असं की प्रोनं सुरू होतानाच विचारलं होतं, संगणक तुमच्या व्यक्तिगत वापरासाठी आहे की संस्थेच्या कामासाठी? होमनं हा प्रश्न विचारलाच नसता. काकांनी क्षणाचाही विचार न करता संस्था निवडली आणि आपला जुना सरकारी ईमेल टाकला. चार वेळा टाकला. चारही वेळा तो सापडत नाही असं उत्तर आलं.

"छत्तीस वर्षं दिली गं," ते म्हणाले. टेबलावर फाइल उघडी असूनही मी 'मॅडम' नव्हते. "आणि असा कुणी नाहीच म्हणतायत." मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले.

"काका, एक पाऊल मागे जा आणि 'व्यक्तिगत' निवडा."

"व्यक्तिगत? पण ते नियमात..."

काकू लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "अहो, रिटायर झालात तुम्ही! आता सगळं व्यक्तिगतच आहे. दाबा ते!"

काकांनी डोळे मिटून दाबलं. मग गेम डाउनलोड होईपर्यंत ते दर दहा मिनिटांनी 'प्रगती समाधानकारक' अशी नोंद करत बसले. सहाला दोन मिनिटं असताना गेम उघडला. समोर हिरवंगार मैदान, त्यात अन्वीनं बांधलेलं लाल कौलांचं घर. काका तिकडे निघाले आणि थेट तळ्यात गेले.

"आबा बुडला!" स्पीकरमधून किंकाळी आली. "आबा, डावीकडे! अरे, दुसरं डावीकडे! आबा परत बुडला!"

फोनवर दोन शब्दांवर न जाणारी पोरगी तासभर मराठीत आबांना ओरडत होती. काका इतके हसले की सफारीचं बटण तुटून माझ्या चहात पडलं. मी तो चहा तसाच प्यायले.

मागच्या वर्षी काका-काकू साताऱ्याला राहायला गेले. निघताना काकांनी ती फाइल माझ्या हातात दिली. "नोंदवून घ्या, मॅडम." शेवटचं टिपण होतं, 'तांत्रिक सदस्यांचे मत योग्य होते. होम पुरेसे होते. चूक मान्य.' ऑफिसात आजही कुणी मला 'होम की प्रो' विचारलं, की मी आधी विचारते, "खेळणार कुणाबरोबर आहेस?"

गाडी गेल्यावर मी पहिलं पान उलटलं. 'घरगुती कामकाज' हिरव्या शाईनं खोडलेलं होतं, शेजारी नियमाप्रमाणे छोटी सही. खाली लिहिलं होतं, 'प्रयोजन : अन्वीच्या घरी जाणे.'

आणि त्याखाली काकूंची सही होती, कणीक लागलेली.