मातकट समुद्रावरची होडी

नातवाच्या पाचव्या वाढदिवसाला केक कसला करायचा हे त्यानेच ठरवलं होतं आणि त्यानेच मोडलं. मोडलेलं मी पुन्हा ठरवलं आणि घरात कुणाचंही ऐकलं नाही. आज कुणी विचारलं तरी सांगेन, पुन्हा तसंच करीन.

नव्वदनंतरची ती वर्षं. यजमान गेल्यावर मी जुन्या पनवेलातली भाड्याची जागा सोडून नवीन पनवेलच्या कॉलनीत मुलाकडे राहायला आले होते. एकसारख्या पिवळ्या इमारती, खाली पोरांना खेळायला मोकळी जागा, आणि वर राहणारी सगळी नोकरदार माणसं, कुणी मुंबईहून आलेली, कुणी पुण्याहून. माणसं चांगली होती, पण प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा एक बोट वर दिसायची हौस. माझं माहेर करंज्याचं, उरणच्या पुढे, थेट कोळीवाड्यातलं. मी शिकले, पनवेलात मास्तरीण झाले, दोन वेळा बदलीही झाली, पण माहेर काही बदलीवर जात नाही. माझा भाऊ तेव्हाही समुद्रावर जायचा. होडी त्याची स्वतःची होती, हिरवी, कडेला लाल पट्टा असलेली.

दिवाळीच्या सुट्टीत नातू त्या होडीत बसून आला आणि वेडाच झाला. पाटीवर होडी, भिंतीवर होडी, पोळीचे तुकडे तोडले तरी त्यांची होडी. मला म्हणाला, "आजी, माझ्या वाढदिवसाला केक होडीचा. जाळ्यासकट." मी म्हटलं, करू. त्या काळी केक म्हणजे बेकरीतून गुलाबाची फुलं काढलेला चौकोन आणायचा, नाहीतर घरी साधा गोल भाजायचा. आकाराचा केक आमच्या इमारतीत कुणी पाहिला नव्हता. मला तर आधीपासूनच हात शिवशिवायला लागले.

मग एका रविवारी भाऊ आला. नेहमीसारखाच, चौकड्यांची लुंगी, डोक्यावर लाल टोपी, हातात पापलेटांची पिशवी. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली पोरं खेळत होती. भाऊ त्यांच्या बाजूने जिन्याकडे वळला तशी एकाने नाक धरलं, दुसऱ्याने "शी, काय वास!" म्हटलं आणि तिसऱ्याने माझ्या नातवाला विचारलं, "तुझे कोण रे ते?"

नातू म्हणाला, "कोणी नाही. मासळी विकायला येतात."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्या आगीखाली रडूही होतं, ते कशाला लपवू. भावाने ते ऐकलं का, हे मला समजेना. वर आला तेव्हा हसत होता. पण पिशवी दिली आणि "भरती हाय गो बाय, निंगतो" म्हणून चहा न घेताच उतरला. माझा भाऊ चहा सोडून जाणाऱ्यांतला नव्हे.

पाच वर्षांच्या पोरावर काय रागवायचं? त्याला कुणीतरी शिकवलं होतं की काही वास घरातले असतात आणि काही परके. मी शाळेत होते तेव्हा माझ्या शेजारी बसायला लागलं की एक मुलगी नाकाला रुमाल लावायची. तिच्या दप्तरात मी सुका बोंबील ठेवला होता. छड्या खाल्ल्या, पण रुमाल बंद झाला. नातवाच्या बाबतीत बोंबलाचा उपाय चालण्यासारखा नव्हता. हा तर माझाच पोर, आणि तो आपल्याच माणसाला परका म्हणाला होता.

त्याच संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजी, होडी नको. मोटार कर. लाल."

"का रे?"

"होडी घाण असते."

मी म्हटलं, "मला मोटार येत नाही. मला होडी येते."

सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती पुण्याची, बँकेत नोकरीला, मनाने वाईट नाही, पण चार लोक काय म्हणतील हे तिच्या पदराला कायमचं बांधलेलं. ती हळूच म्हणाली, "आई, मोटारच करू या ना. मुलं चिडवतात त्याला. आणि मामांना आपण नंतर वेगळं बोलवू. त्या दिवशी सगळी बिल्डिंग येणार, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल."

"त्यांना अवघडेल की तुला?" मी विचारलं.

मुलगा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला, आमच्या घरातले पुरुष वादळात असेच बसतात. दुसऱ्या दिवशी मी जुन्या पनवेलच्या मासळीबाजारात गेले आणि माझ्या गावच्या बाईकडे भावाला निरोप दिला: वाढदिवसाला यायचं, आणि टोपी घालूनच यायचं.

केकचं सामान मी स्वतः आणलं. सून अंडं खात नव्हती, म्हणून दही आणि डब्यातलं घट्ट दूध घालून करायचं ठरवलं. तेवढं मला कळतं. माझा हट्ट होडीचा होता, अंड्याचा नव्हता. आमच्याकडे काचेच्या झाकणाचा तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, खालून जास्त तापायचा आणि वरून रुसायचा. पावाच्या लांबट डब्यात एक केक भाजला आणि गोल डब्यात कोकोचा दुसरा. लांबट केक गार झाल्यावर एका टोकाला निमुळता केला, मधून कोरला. कोरलेला चुरा नातवाने येता-जाता तोंडात टाकला. रागवलेला असला तरी चुऱ्याशी त्याचं भांडण नव्हतं.

मग रंग. होडीचा हिरवा आणि पट्ट्याचा लाल वाण्याकडे मिळाला, जिलेबीच्या रंगाशेजारी. निळा कुठेच मिळेना. सुनेने रंगाच्या पुड्या पाहिल्या आणि तिला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. "मग समुद्र कसा करणार? समुद्र निळा असतो ना, आई."

"तुमच्या चित्रांतला असेल," मी म्हटलं. "आमचा मातकट असतो. करंज्याच्या धक्क्यावर उभं राहून बघ एकदा, चहाच्या रंगाचं असतं पाणी. त्याच पाण्यातली पापलेटं तुझ्या नवऱ्याने आयुष्यभर खाल्ली आहेत."

तिला हसू आलं, ते तिने दाबलं. मी गोल कोकोचा केक परातीत ठेवला, त्यावर कोकोचंच लोणी-साखर फेटून थापलं आणि काट्याने लाटा ओढल्या. त्यावर हिरवी होडी बसवली. तळलेल्या शेवयांचं जाळं केलं, ते होडीच्या कडेवरून पाण्यात सोडलं. जाळ्याला बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांची बोयरी लावली, म्हणजे जाळं तरंगत ठेवतात ते गोळे. सोललेल्या बदामांच्या फाकांची पापलेटं, चारोळीचा जवळा. काडीला कागदाचा झेंडा. मला स्वतःलाच ती इतकी आवडली की मी दोनदा पदर खोचून मागे सरकून बघितली. नातू दाराआडून बघत होता. मी वळले तरी पळाला नाही.

वाढदिवसाला घर भरलं. कॉलनीतली पोरं, त्यांच्या आया, दोन-तीन बाप. भाऊ वेळेवर आला, इस्त्रीचा सदरा, खाली तीच लुंगी, वर लाल टोपी. दाराजवळची खुर्ची धरून बसला आणि तिथून हलला नाही. नातवाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पोरांच्या घोळक्यात शिरला. मला ते दिसलं. भावालाही दिसलं असणार.

मेणबत्त्या मी लावू दिल्या नाहीत. वाढत्या वयाचा दिवा ओवाळायचा की फुंकून विझवायचा, एवढं तरी आपलं आपण ठरवावं. मी निरांजन ओवाळलं, कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. मग परात मधल्या टेबलावर आणली. पोरं टेबलाभोवती दाटली. "बोट!" कुणीतरी म्हणालं. एका बाईने, "पाणी असं तपकिरी का हो?" असं विचारलंच. मी म्हटलं, "कारण ते खरं आहे."

सुनेने सुरीला रिबीन बांधून ठेवली होती. ती तिने नातवाच्या हातात दिली, सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात उचलले, आणि नातवाने सुरी होडीच्या मधोमध धरली.

"थांब!"

भाऊ खुर्चीवरून उठला होता. "अरं, होरीला लोखंड लावतं का कोन?"

आमच्या घरात होडीला एकदा नारळ फुटून ती पाण्यात उतरली, की तिच्या फळीला लोखंड लावायचं ते फक्त सुताराने. लहानपणी मी खेळता खेळता होडीच्या कडेवर कोयता टेकवला होता, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो. आणि ती मी, कोळ्याची लेक, इतके दिवस खपून होडी घडवते, जाळं विणते, बोयरी लावते, आणि केक शेवटी कापायचा असतो हे माझ्या डोक्यातच येत नाही! मोटार केली असती तर सुखाने चार तुकडे झाले असते.

पोरं खिदळायला लागली. एक गृहस्थ म्हणाले, "अहो मामा, केक आहे तो!"

"तुम्हाला केक असेल," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "ती होडी आहे. कापायची नाही."

"आई, मग काय करायचं आता?" सून माझ्या कानाशी पुटपुटली. तिचा चेहरा उतरला होता. मागे मी हटणार नव्हते. होडी तशीच राहिली असती आणि सगळी पोरं चिवडा खाऊन घरी गेली असती तरी चाललं असतं मला.

भाऊ टेबलाजवळ आला. नातवाच्या मागे उकिडवा बसला आणि दोरांनी कापलेला, मिठाने राठ झालेला त्याचा हात नातवाच्या मुठीवर ठेवला. "होरी दर्यात काय करते, सांग बगू?"

नातू हळूच म्हणाला, "पाणी कापते."

"मंग? पानी काप."

दोघांनी मिळून सुरी होडीच्या नाळेपुढे, त्या निमुळत्या टोकासमोर, मातकट पाण्यात घातली. टाळ्या झाल्या. समुद्राचे तुकडे ताटल्यांत पडले, पापलेटांसकट. एका पोराने झेंडा उपटायला हात घातला तर नातवाने तो हात बाजूला केला. "तिला सुरी लावायची नसते. माहीत नाही का तुला?" असं म्हणाला, जणू त्याला जन्मापासून माहीत होतं. मधे मधे तो मान वळवून भावाकडे बघत होता, बरोबर बोललो ना, अशा नजरेने.

सुनेने भावाला चहा आणून दिला, कुणी न सांगता. भावाने तो बशीत ओतून फुरके मारत प्यायला, सगळ्या बिल्डिंगसमोर. मी मुद्दाम आणखी अर्धा कप ओतला.

उजेड उतरायला लागला तसा तो उरणच्या एसटीसाठी उठला. खालचा समुद्र संपून परातीत फक्त होडी उरली होती, वाळूवर ओढून ठेवल्यासारखी.

"आणि ही?" नातवाने विचारलं.

"होरी सांजंला घरी जाते," भाऊ म्हणाला.

मग सुनेनेच ती अलगद उचलून डब्याच्या मोठ्या झाकणात ठेवली. नातू हटून बसला की स्टँडपर्यंत झाकण मीच नेणार. मुलगा बरोबर निघाला. मी गॅलरीत गेले. मला बघायचं होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती. आमच्या घरात, आमच्या टेबलावर शूर होणं सोपं असतं. खालची जागा वेगळी.

खाली तीच पोरं होती, तोंडाला अजून कोको लागलेला. भाऊ पुढे, मागे नातू झाकण दोन्ही हातांत धरून, पावलं जपून टाकत. एकाने विचारलं, "कुठे चाललास?"

"मामाआजोबांना सोडायला."

"ते मासळीवाले?"

नातू थांबला. मी गॅलरीचा कठडा धरला.

"हो," तो म्हणाला, मला वर ऐकू येईल इतक्या मोठ्याने. "माझे आहेत. आणि ही आमची होरी आहे. बाजूला हो."

पोरं बाजूला झाली. भाऊ मागे वळला नाही. पण या वेळी त्याने ऐकलं होतं, ते मला वरून दिसलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आणि पुन्हा नीट बसवली.