अक्कांच्या चौकोनात

आधीच कबूल करतो. आमच्या सोसायटीशेजारच्या मोकळ्या जागेला कुलूप लावा, असा अर्ज जागेच्या मालकाला मीच दिला होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी जरा डोळा लागावा, तर अक्कांची शिट्टी वाजायची. तेवढ्यासाठी मी हे केलं. अक्का आता टेंभुर्णीला लेकीकडे राहतात, म्हणून लिहायचा धीर होतोय.

अक्का विडी कामगारांच्या वस्तीतल्या पोरींना खो-खो शिकवायच्या. कमरेला पदर खोचलेला, पायात बूट आणि मंगळसूत्राच्या जोडीला शिट्टी. नवी पेठेत एक रिक्षावाला उलट्या बाजूनं घुसला, तेव्हा त्यांनी शिट्टी फुंकून ‘फाऊल!’ म्हटलं. तो मुकाट मागे गेला. त्याच्यामागच्या दोन रिक्षाही गेल्या.

पद्मा ही त्यांची सर्वांत चपळ पोर. तिची आई तिला सोडेना. “इड्या कोन वळनार?” अक्का म्हणाल्या, “मी वळते की,” आणि सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. तासाभरानं त्या विड्या बघून आईनं हात जोडले. “अक्का, पोरीला घिऊन जावा, पर तुमी उठा.”

त्यांच्या मैदानावर ‘सॉरी’ म्हणायला बंदी होती. “तोंडाला काय लागतंय? बस चौकोनात!” ज्याचं चुकलं त्यानं रांगेत जाऊन उकिडवं बसायचं. ज्याचं वाईट झालं त्यानं मागून पाठीवर हात मारून ‘खो’ दिला, की उठून पळायचं. विषय संपला.

कुलूप लागलं तेव्हा निवड चाचणी पंधरा दिवसांवर होती. निवड झाली तर पद्माची राहण्याची आणि शाळेची सोय क्रीडा वसतिगृहात होणार होती. पोरी बोळात खेळू लागल्या. एका टोकाला विजेचा खांब, दुसऱ्या टोकाला भेळेची गाडी. सिमेंटवर पडून पद्माचे दोन्ही गुडघे फुटले.

मग अक्का माझ्याकडेच आल्या. “साहेब, कुलूप काडा म्हनून मालकाला अर्ज लिहून द्या की. तुमचं अक्षर लई चांगलं हाय.” ‘कुणा झोपाळू माणसाच्या सांगण्यावरून’ हे शब्द त्यांनी मुद्दाम घालायला लावले. ‘निर्दयी’ हा शब्द मी पदरचा घातला.

दोन दिवस घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मालकाकडून माझा अर्ज परत घेतला, किल्ली आणली, मैदान उघडलं.

“अक्का, तो पहिला अर्ज...”

“ठावं हाय. मालकानं दावला व्हता. अक्षराचं कवतिक उगंच केलं व्हय?”

त्यांनी चौकोनाकडे बोट केलं. बावन्नाव्या वर्षी मी दोन पोरींच्या मधे उकिडवा बसलो. खेळ सुरू झाला. खो डावीकडे पडला, उजवीकडे पडला, माझ्याकडे काही येईना. मांड्या थरथरू लागल्या.

“अक्का, अजून किती वेळ?”

“मला काय इचारताय? गुडघं कुनाचं फुटलंय?”

शेवटी मागून पावलं आली. पाठीवर हात पडला. “खो!” वळून पाहिलं, तर पद्मा. दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या.

“बाळ,” मी म्हणालो, “चुकलं माझं.”

अक्कांनी शिट्टी फुंकली. “फाऊल! बोलायचं न्हाय. पळा!”

मी पळालो.