एकशे आठवी सही

मालनबाई बिरादारांनी जन्मात एकच खोटं काम केलं. पण ते देवाचं नाव घेऊन केलं, म्हणून त्याचं ओझं दहा कामांएवढं झालं.

तशी बाई साधी. उदगीरकडच्या शेतकरी घरातली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन हैदराबादला आली आणि चिक्कडपल्लीच्या त्याच तिसऱ्या मजल्यावर साठीला पोचली. नवरा शिवराज यांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. सकाळी दहाला गेलेला माणूस रात्री जेवायलाच घरी. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेलेली. दिवसभर घरात राहायची ती दोघंच: मालनबाई आणि त्यांचे सासरे नामदेवराव, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी.

नामदेवराव विजेच्या खात्यात कारकून होते. शाळेची पहिली वर्षं निजामाच्या राजवटीत उर्दूत झालेली, त्यामुळे सही उर्दूतच करायची हा त्यांचा हट्ट. बँकेतल्या पोरींनी विनवण्या केल्या, साहेबांनी समजावलं, म्हातारा ऐकेना. "हात ज्या लिपीत पहिल्यांदा वळला त्याच लिपीत वळणार," म्हणायचे.

रोज दिवेलागणीला सासरा आणि सून हरिपाठ म्हणायचे. मालनबाईंचा एखादा शब्द घसरला की नामदेवराव एक बोट वर करायचे, आणि नीट म्हटला की "वा सूनबाई" असं हळूच पुटपुटायचे. सबंध दिवसात कौतुकाचे तेवढेच दोन शब्द बाईच्या वाट्याला यायचे. त्यांनी ते कुणाला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा.

मग एका मराठी वाहिनीवर 'दूरची वस्ती' ही मालिका सुरू झाली. संध्याकाळी सातला, बरोबर हरिपाठाच्या वेळेला. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, त्यात तीनशे माणसं, आणि त्यांच्यात एक म्हातारा यंत्रकार. त्याला ऐंशी वर्षं गोठवून ठेवलेलं असतं. जागा होतो तेव्हा त्याची भाषा बोलणारं यानात कुणी उरलेलंच नसतं. नामदेवरावांनी पहिला भाग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सातला देवघरात न येता ते टीव्हीसमोर जाऊन बसले. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून वरच्या मजल्यावरची शिल्पा रोज कामावरून परस्पर त्यांच्याकडेच यायची आणि पडद्यावर काय चाललंय ते त्यांना सांगायची. दोघांचं जमलं. मालनबाई एकट्याच समईपुढे हरिपाठ म्हणायच्या आणि बाहेरून यानाच्या इंजिनाची घरघर ऐकू यायची. शब्द घसरला तरी बोट वर करणारं कुणी नव्हतं.

दोन महिने त्यांनी सोसलं. मग एका दुपारी कागद घेऊन त्यांनी वाहिनीला पत्र लिहिलं. या मालिकेमुळे ऐन दिवेलागणीला देवघरं ओस पडतात, वडीलधारी माणसं नामस्मरणाला मुकतात, तरी ती दुसऱ्या वेळेला दाखवावी. खाली 'समस्त भाविक भगिनी, हैदराबाद' असं लिहिलं आणि आपली छोटी सही केली: मा. शि. बि.

आता एकटीच्या सहीला कोण विचारतो? चैत्रातलं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. गौलीगुड्याच्या देवळातल्या भजनाच्या बायका, नात्यातल्या, शेजारच्या, सगळ्या येणार. मालनबाईंनी आंब्याची डाळ आणि पन्हं केलं, आणि कुंकू लावून झालं की प्रत्येकीपुढे सह्यांचा कोरा कागद सरकवला. पत्र वेगळं, कागद वेगळा. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "देवाचं काम आहे." ओटीत हरभरे पडलेली बाई अशा वेळी वाचत बसत नाही. जिला लिहिता येत नव्हतं तिने अंगठा दिला. पुढच्या आठवडाभरात हिंडून हिंडून एकशे सात सह्या झाल्या.

एक कमी. माळेचे मणी पुरे झाले पाहिजेत, हे त्यांच्या मनाने घेतलं. त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. 'दूरची वस्ती' चालू होती आणि मधे जाहिराती लागल्या होत्या. शिल्पा पाणी प्यायला उठली होती. मालनबाईंनी सासऱ्यांपुढे कागद धरला.

"मामंजी, इथं एक सही हवी होती."

नामदेवरावांनी कशाची म्हणून विचारलं नाही. सुनेने बोट ठेवलं तिथं त्यांनी उजवीकडून डावीकडे सही ओढली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

पत्र टपालात पडलं आणि महिन्याभरात वाहिनीने जाहीर केलं की प्रेक्षकांच्या आग्रहास्तव मालिका आता दुपारी साडेतीनला लागेल. मालनबाईंनी देवापुढे गूळखोबरं ठेवलं. वेळ बदलली त्या दिवशी सातला समई लावून त्यांनी हाक मारली. नामदेवराव आले, बसले, हरिपाठ म्हणाले. पण बोट वर झालं नाही आणि "वा" सुद्धा आलं नाही. दुपारी साडेतीनला मात्र ते टीव्हीपुढे बसले होते, आणि शिल्पा तर ऑफिसात. पडदा नुसता उजेडाचा ठिपका दिसतोय म्हणून म्हाताऱ्याची चुळबुळ चाललेली. मालनबाईंना बघवेना. त्या शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या: आता दार उघडलं, आता ती कप्तान बाई रडतेय, आता म्हातारा यंत्रकार भिंतीवर कोळशाने काही लिहितोय.

आधी सासऱ्यांसाठी बघितलं. पंधरा दिवसांनी स्वतःसाठी बघू लागल्या. रोजच्या टिपणाच्या वहीत एकादशी, दुधाचा रतीब, मुलीचा फोन असं असायचं, त्यात आता यानातल्या घडामोडी येऊ लागल्या. यंत्रकाराला कुणी बोलायला मिळालं की त्यांना बरं वाटायचं.

शिल्पाने ती वही एकदा वाचून घेतली, म्हणजे मालनबाईंकडून ऐकली. कारण शिल्पा हैदराबादेत वाढलेली, तिला मराठी बोलता येतं, पण हाताने लिहिलेलं दिसलं की तिचे डोळे फिरतात. "काकू, रविवारी चला माझ्यासंगं," ती म्हणाली. सुलतान बाजारातल्या मराठी वाचनालयात दर रविवारी सकाळी 'दूरची वस्ती'वाल्यांची बैठक भरायची. पंधरा-वीस माणसं. पुढारी पुष्कर, पुण्याचा, इथे संगणकाच्या नोकरीत. दुपारी सगळेच कामावर, आणि वाहिनीच्या ॲपवर भाग यायला दोन आठवडे लागायचे. त्यामुळे मालनबाई वही उघडून आठवड्याचे पाच भाग वाचून दाखवू लागल्या आणि शेजारी नामदेवराव काठीवर हनुवटी टेकून बसू लागले.

वाचून झालं की भांडणं. यंत्रकार शेवटी जगेल की नाही यावर एकदा दोन तट पडून चहा गार झाला. पण सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर व्हायचं: वाहिनीची अक्कल. एक भाग राहू देऊन त्याच्या पुढचाच आधी दाखवला. प्रेक्षक तुटतायत म्हणून यानात सासू घातली. शिल्पा म्हणायची, "चॅनलवाले पुरे हौले आहेत, उद्या रॉकेटमध्ये डोहाळजेवण करतील." आणि सगळ्याचं मूळ ती दुपारची वेळ, असं पुष्कर प्रत्येक रविवारी एकदा तरी म्हणायचाच. कोण असले ते आग्रह करणारे प्रेक्षक, एकदा भेटले पाहिजेत. लोक हसायचे. मालनबाई वहीची पानं सारखी करत बसायच्या. घरी आल्यावर त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. देवापुढे बसल्या की देवाकडे बघवायचं नाही, नुसती वात सारायच्या. सांगून टाकावं असं वाटायचं, आणि मग वाटायचं की एवढी माणसं 'काकू, काकू' करतात, रविवारची वाट बघतात. साठ वर्षांत आपली वाट इतक्या जणांनी कधी बघितली होती?

आषाढात बातमी आली की मालिका महिनाअखेर बंद. गोष्ट अर्धवटच सोडणार. पुष्करने चिडून वाहिनीला लिहिलं, दाखवा तो प्रेक्षकांचा आग्रह. त्याला वाटलं होतं उत्तर येणार नाही. आलं. तुमच्याच शहरातून तक्रार आली होती, म्हणून वाहिनीने मूळ पत्राची आणि सह्यांची प्रतच पाठवली. पुष्करने ती छापून आणली आणि रविवारी सवयीने मालनबाईंच्या हातात दिली.

"काकू, वाचा जरा मोठ्याने. ऐकू देत सगळ्यांना."

आपलंच अक्षर. त्या वाचू लागल्या. देवघरं ओस पडतात, तिथे दोघे-तिघे हसले. वडीलधारी माणसं नामस्मरणाला मुकतात, तिथे शिल्पा म्हणाली, "हौ, आमच्या आजोबांना विचारा." मालनबाईंनी शेवटपर्यंत वाचलं. खालच्या तीन अक्षरांशी आल्यावर म्हणाल्या, "सही लागत नाही."  पत्र त्यांनी पालथं घालून खाली ठेवलं.

पुष्करचं म्हणणं होतं की या बायकांना शोधायचं. त्यांनी तक्रार मागे घेतली तर निदान उरलेले भाग तरी पूर्ण दाखवा असं सांगता येईल. तो सह्या बघू लागला. सगळ्या मराठीत, थोड्या तेलुगूत, काही अंगठे. शेवटच्या सहीशी तो थांबला. "ही उर्दूत आहे. भाविक भगिनींत उर्दू कुणाची?" त्याने कागद नामदेवरावांपुढे धरला. "आजोबा, तुम्हाला येतं ना? नाव कळलं तर एक धागा मिळेल."

वाचनालयाचं भिंग आणलं गेलं. नामदेवराव कागद डोळ्यांशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. मालनबाईंना त्यांच्या बोटाखाली ती सही दिसत होती, उजवीकडून डावीकडे गेलेली, शेवटी झटका दिलेली. म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं.

"पुसट झालंय," ते म्हणाले. "आणि आता उर्दू आठवत नाही मला."

कुणाला काही वाटलं नाही. शिल्पाने मात्र त्यांच्याकडे जरा चमकून पाहिलं. मालनबाईंना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, बँकेच्या साहेबाला न वाकलेला, त्याने आपल्यासाठी चारचौघांत स्वतःचा हात नाकारला.

दोघं ऑटोने परत निघाली. चिक्कडपल्लीचं वळण आल्यावर नामदेवरावांनी विचारलं, "जाहिराती लागल्या होत्या तेव्हाच का?"

"हो, मामंजी."

"मला वाटलं गॅसचं काही असेल."

मालनबाई रडल्या. म्हाताऱ्याने रडू नको म्हटलं नाही आणि रागही केला नाही. तो आठवडा दुपारी त्या यानातलं सांगत राहिल्या आणि ते ऐकत राहिले, पण सांगताना बाईचा आवाज वरून वरून यायचा, परक्या घरी बोलल्यासारखा. संध्याकाळी देवापुढे त्यांनी क्षमा मागून पाहिली. मग त्यांनाच कळलं की क्षमा मागायची माणसं सुलतान बाजारात आहेत, आणि देवाकडे मागणं ही पुन्हा पळवाटच झाली.

रविवारी नामदेवराव गुडघ्याचं निमित्त करून घरी राहिले. मालनबाई एकट्या गेल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "ते पत्र मी लिहिलं. बायकांना काय लिहिलंय ते सांगितलं नव्हतं, देवाचं काम म्हणून सह्या घेतल्या. तक्रार मागे घ्यायची असली तर मीच घेऊ शकते. लिहून आणलंय."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. पुष्करने तो वाचला. तो काही तोडून बोलला असता तर सोपं झालं असतं. तो म्हणाला, "हं," आणि कागद फाईलला लावला. कुणीतरी खुर्ची सरकवली. वाहिनी आता ऐकेल असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं, आणि पुढे ऐकलंही नाही.

मालनबाईंनी पिशवी उचलली. तेव्हा शिल्पा, त्यांच्याकडे न बघता, म्हणाली, "काकू, बसा. या हप्त्याचे पाच भाग राहिले ना."

त्या बसल्या. वही उघडून वाचू लागल्या. कुणी मधे थांबवलं नाही, कुणी मग पुढे काय म्हणून विचारलं नाही, कुणी हसलं नाही. पाच भाग त्यांनी शांततेत वाचून संपवले. एवढं लांब वाचन त्यांना हरिपाठाचंही कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या दिवसांत त्या गौलीगुड्यापासून सुरुवात करून एकेका बाईच्या दारात जाऊन आपण कशावर सही घेतली ते सांगणार होत्या. पण आधी घरी. नामदेवराव खुर्चीत जागेच होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"वाचायला लावलं."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग विचारलं, "शेवटची सही कुणाची, ते सांगितलंस?"

"नाही, मामंजी. तुमचं नाव कशाला आणायचं मधे."

"आणायचं," नामदेवराव म्हणाले. "मी खोटं बोललोय तिथं. आणि वर त्या पोरांना वाटत असेल, म्हातारा उर्दू विसरला. पुढच्या रविवारी मला घेऊन चल."