चतुराबाईच्या पायांवरचे डाग

मखमलाबादच्या चतुराबाईच्या दोन्ही किडन्या २००३ साली निकामी झाल्या, तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. दिवसभर शेवंतीच्या वाफ्यात वाकून काम करणारी बाई आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिसच्या कॉटवर चार-चार तास पडून राहू लागली. मशीनमुळे जीव राहिला, पण अंग झिजत गेलं. वर्षभरात मांड्या अशा वाळल्या की खाली बसलं तर उठता येईना.

एकदा नवरा बारकू पंचवटीत फुलं घेऊन गेला असताना ती न्हाणीत पडली. मोडलं काही नाही, पण घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी सटाण्याला सासरी. बारकू परतला तोवर ती ओल्या लुगड्यात तीन तास फरशीवर होती. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "मला आता मशीनवर नेऊ नका."

तरी त्यानं नेलं. तिथल्या उज्ज्वला सिस्टरला सगळं सांगितलं. सिस्टर एका शिबिरात चिनी व्यायाम आणि मालिश शिकली होती. डॉक्टरांना विचारून तिनं दोघांना ते दाखवलं. उभं राहून सावकाश करायच्या आठ हालचाली: दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, धनुष्य ओढल्यासारखे ताणायचे, टाचा उचलून टेकवायच्या. मग गुडघ्याखाली चार बोटांवर आणि तळपायाला अंगठ्यानं हलकं दाबायचं. ज्या हातात सुया टोचतात त्याला मात्र शिवायचंही नाही.

"यानं किडनी बरी होणार नाही, काका," ती म्हणाली. "पायात थोडी ताकद राहील, एवढंच."

बारकूच्या डोक्यात फक्त ताकद राहिली.

पहिल्या दिवशी चतुराबाईनं पाय आखडून घेतले. नवऱ्यानं आपल्या पायाला हात लावायचा, हे तिला पाप वाटत होतं. बारकूनं ऐकलं नाही. तीन महिन्यांनी ती कॉटला धरून एकटी उठली. तेव्हा बारकूला वाटलं, जास्त दाबलं तर जास्त गुण येईल. सकाळ, दुपार, संध्याकाळ तो अर्धा-अर्धा तास जोर लावू लागला.

एका डायलिसिसला सिस्टरनं सूज बघायला लुगडं वर केलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळेनिळे डाग होते. तिनं बारकूला बाहेर नेऊन समजावलं, मशीनवर रक्त पातळ करायचं औषध देतात, म्हणून थोड्या जोरानंही कातडीखाली रक्त पाझरून डाग पडतात. बारकू आपल्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "दुखत होतं तर बोलली का नाय?"

"मी पडले तवापासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हता," ती म्हणाली. "दाबताना तेवढं बोलायचात."

त्यानंतर त्यानं दाबणं सोडलं. रोज तिच्यासमोर उभा राहून तिच्याबरोबर व्यायाम करायचा आणि बोलायचा. वाफ्यांपर्यंत जाऊन येण्याइतकी ताकद तिच्या पायांत आली.

२००६ च्या जानेवारीत रक्तात जंतुसंसर्ग झाला. बारा दिवस दवाखान्यात पडून राहिल्यानं कमावलेली सगळी ताकद गेली. बारकूनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पण पाय उभे राहीनात. ती पडल्यापडल्या हात वर न्यायची. पुढं हातही छातीपर्यंतच येऊ लागले, मग तेही थांबले.

"तुम्ही करा," ती म्हणाली. "मी बघते."

बारकूनं कॉटशेजारी उभं राहून आठही हालचाली सावकाश केल्या. तिसऱ्या दिवशी चतुराबाई गेली.